पीळ दिलेली पट्टी आणि पेटंटची नोटीस

प्रश्न : सांगली जिल्ह्यात माझं लहानसं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. वसतिगृहं, मंगल कार्यालयं, धाबे यांच्यासाठी आम्ही लाकडावर चालणारे मोठे बंब करतो. 2016 पासून बंबाच्या मधल्या नळीत आम्ही पीळ दिलेली लोखंडी पट्टी सोडतो. धूर गोल फिरत वर जातो, पाणी लवकर तापतं आणि लाकूड कमी लागतं. गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. कंपनीचा पेटंटचा अर्ज 2019 चा आहे आणि मंजुरी 2022 ची. 15 दिवसांत उत्पादन बंद करा, शिल्लक माल ताब्यात द्या आणि 10 लाख भरपाई द्या, असं त्यात लिहिलं आहे. माझ्या दोन विक्रेत्यांनाही पत्रं गेली, त्यांनी माल उचलणं थांबवलं. 2016-17 ची बरीच बिलं सापडत नाहीत. ओळखीचे लोक म्हणतात, मागच्या तारखेची करून घ्या. पुढच्या हंगामात बंबाला दुहेरी पत्रा लावून मधल्या फटीतून हवा आत घ्यायचाही विचार आहे. कंपनीच्या पेटंटची प्रत आणि आमचा कॅटलॉग सोबत जोडला आहे. मी काय करावं? धुराड्यावर गुंडाळी बसवून आत येणारं गार पाणी आधी कोमट करून घ्यायचं कामही चालू आहे. मलाही पेटंट मिळेल का?

उत्तर : बिलांपासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलात तर पुढचं काहीच वाचवता येणार नाही. मागच्या तारखेचं एकही बिल करू नका. न्यायालयात वापरण्यासाठी खोटा पुरावा तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 228 आणि 229 खाली गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. त्यापलीकडचं नुकसान असं, की एक बिल बनावट निघालं की तुमच्या दहा खऱ्या बिलांवरचाही न्यायाधीशांचा विश्वास उडतो. तुमची बाजू मुळात चांगली आहे. ती स्वतःच्या हाताने नासवू नका.

आता नोटिशीकडे वळू. पेटंट मंजूर झालं म्हणजे ते पक्कं झालं, असा बहुतेकांचा समज असतो आणि अशा नोटिशीचं निम्मं बळ त्या समजातच असतं. पेटंट कायदा 1970 च्या कलम 13(4) मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की अर्जाची तपासणी होऊन पेटंट दिलं गेलं तरी ते वैध असल्याची हमी कोणी देत नाही. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात पेटंट कार्यालयात विरोध नोंदवता येतो. ती मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली, पण त्याने फारसं बिघडत नाही. कंपनीने दावा लावला तर कलम 64 मध्ये पेटंट रद्द करण्याची जी जी कारणं दिली आहेत, ती सगळी कलम 107 प्रमाणे तुम्हाला बचावात मांडता येतात.

पण त्याआधी त्यांच्याकडे नेमकं कशाचं पेटंट आहे ते पाहायला हवं. नोटिशीत ‘उष्णता-कार्यक्षम जलतापक’ एवढंच नाव आहे. नावाला काही अर्थ नाही. पेटंटची हद्द ठरते ती त्यातल्या क्लेमवरून, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या कलमांवरून. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत मुख्य क्लेम एकच आहे आणि त्यात चार गोष्टी एकत्र मागितल्या आहेत : उभी अग्निनलिका, तिच्यात काढता-घालता येणारी सर्पिल पट्टी, नलिकेच्या आतल्या बाजूला जोडलेल्या उभ्या पात्या आणि जळणासाठी लागणारी हवा आधी गरम करून आणणारं दुहेरी आवरण. तुमच्या बंबात यातल्या पहिल्या दोनच आहेत, पात्याही नाहीत आणि आवरणही नाही. क्लेममधल्या आवश्यक गोष्टी समोरच्याच्या वस्तूत असतील तरच उल्लंघन होतं. काही सापडल्या, काही नाही, एवढ्यावर ते सहसा सिद्ध होत नाही. पात्या आणि आवरण आवश्यक नव्हतेच, असं कंपनी म्हणू शकेल. त्यासाठी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून त्या अर्जाची पूर्ण फाइल उतरवून घ्या, ती कोणालाही पाहता येते. तपासणी अहवालाला कंपनीने दिलेलं उत्तर नीट वाचा. सर्पिल पट्टी जुनीच आहे असा आक्षेप परीक्षकाने घेतला असेल आणि ‘आमचं वेगळेपण दुहेरी आवरणात आहे’ असं कंपनीने तेव्हा सांगितलं असेल, तर आता तिला ते आवरण किरकोळ आहे असं म्हणणं फार जड जाईल. त्याच फाइलमध्ये वार्षिक नूतनीकरण शुल्क भरलंय का तेही बघा. शुल्क थकलं की पेटंट संपुष्टात येतं.

यावरूनच तुमच्या पुढच्या बेताचं उत्तर निघतं. दुहेरी पत्रा आत्ता लावू नका. हवा आधी तापवून घेण्याची कल्पना भट्ट्यांमध्ये जुनी आहे हे खरं, आणि पुढेमागे त्यावर वादही घालता येईल. पण नोटीस हातात असताना त्यांच्या क्लेममधली आणखी एक गोष्ट आपल्या मालात आणणं म्हणजे भांडणाला पाया देणं आहे.

आता पट्टीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रकरणाचा जीव तिच्यात आहे. बंबात उष्णता अडते ती पत्र्यात नाही आणि पाण्यातही नाही. ती अडते धुरात. नळीच्या मधून चाललेला गरम धूर सरळ वर निसटतो. भिंतीलगतचा थर तेवढा पाण्याला उष्णता देऊन गार होतो आणि तिथेच रेंगाळतो, म्हणजे एक प्रकारे आतल्या गरम धुराला भिंतीपासून लांबच ठेवतो. तांब्याऐवजी स्टील वापरलं तरी पाणी तापायला लागणाऱ्या वेळेत फारसा फरक पडत नाही, त्याचं कारण हेच. पीळ दिलेली पट्टी धुराला फिरवते, तो रेंगाळलेला थर मोडते आणि मधला गरम धूर भिंतीवर आणते. हे कंपनीने 2019 मध्ये शोधलेलं नाही. वाफेच्या बॉयलरच्या अग्निनळ्यांत अशा पट्ट्या घालून काय परिणाम होतो, यावर व्हिटम यांचा लेख अमेरिकेत 1896 मध्ये छापून आला. गॅसवर चालणाऱ्या टाकीच्या वॉटर हीटरमध्येही मधल्या धूरनळीत वाकवलेला पत्रा लोंबकळत सोडण्याची पद्धत जुनी आहे. कलम 64(1)(ई) नुसार प्रायोरिटी डेटच्या, म्हणजे पेटंटचा पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेच्या, आधी भारतात उघडपणे वापरात असलेली, किंवा भारतातच नव्हे तर जगात कुठेही छापून आलेली गोष्ट नवी ठरत नाही. असे जुने लेख आणि परदेशी पेटंटं शोधून देणारे पेटंट एजंट पुण्या-मुंबईत आहेत. पहिला खर्च तिथे करा.

सर्वोच्च न्यायालयाचा या विषयातला पायाभूत निकालही भांड्यांच्या धंद्यातलाच आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, 1978. पितळी भांडी लेथवर चढवताना धरून ठेवण्याच्या एका युक्तीचं ते पेटंट होतं. माहीत असलेल्या गोष्टीत कारागीर आपल्या नेहमीच्या कौशल्याने जी सुधारणा करतो, तेवढ्यावर पेटंट टिकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि पेटंट गेलं. दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी. जुन्या वस्तू एकत्र आणून खरोखर नवा परिणाम साधला तर त्या जोडणीला पेटंट मिळू शकतं. कंपनीच्या चार गोष्टींची जोडणी कदाचित टिकेलही. ती टिकली तरी तुमचा बंब तिच्याबाहेर राहतो. आणि क्लेम ताणून फक्त नळी आणि पट्टीपर्यंत आणला, तर 1896 चा लेख आणि तुमची 2016 ची विक्री त्याच्या आड येते. वकिलाला नेमकं हेच मांडायला सांगा.

‘आम्ही आधीपासून करतो’ एवढंच म्हणून मात्र भागत नाही. तो वापर उघड होता हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे याचा चांगला पुरावा आहे आणि तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही. तुमच्या कॅटलॉगच्या फोटोत पट्टीला वर आकडा दिसतो, काजळी झाडायला ती उपसून बाहेर काढायची असते. म्हणजे ज्याने ज्याने बंब विकत घेतला, त्याच्या हातात ती पट्टी आली, त्याने ती पाहिली. वर्कशॉपच्या चार भिंतींत लपलेलं असं त्यात काहीच नव्हतं. 2019 च्या आधीचे बंब कुठे आहेत त्याची यादी करा. वसतिगृह, धर्मशाळा यांची खरेदीची नोंद रजिस्टरमध्ये असते, पेमेंट चेकने झालेलं असतं, तुमच्या आणि त्यांच्या बँकेच्या उताऱ्यात ते दिसतं. जुलै 2017 नंतरच्या मालाचा तपशील जीएसटीच्या विवरणपत्रांशी जुळवता येईल. पत्रा कापून देणाऱ्याचे चलन, टेम्पोची पावती, मोबाइलवरचे जुने फोटो, सगळं काढा. फोटो नव्या फोनवर पाठवत बसू नका. मूळ फोन आणि मूळ फाइल जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. एखादा जुना बंब अजून चालू असेल तर त्याची दुरुस्ती किंवा रंगरंगोटी करू नका. तुमच्या नावाची पाटी, तिच्यावरचं साल आणि आतली काजळलेली पीळपट्टी जशी आहे तशीच राहू द्या. गरज पडली तर न्यायालयाकडून कमिशनर नेमून तिची पाहणी करून घेता येईल.

नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं असं कायदा म्हणत नाही, पण गप्प राहू नका. वकिलामार्फत दीड पानाचं उत्तर पाठवा : उल्लंघन नाकारतो, क्लेममधली कोणती गोष्ट आमच्या मालात आहे ते दाखवा, आमचा वापर तुमच्या अर्जाच्या आधीचा आहे. सगळे पुरावे त्यात ओतू नका. माल ताब्यात देऊ नका आणि ‘तडजोड’ म्हणून समोरून आलेल्या कागदावर सही करू नका. अशा कागदात उल्लंघन मान्य असल्याची ओळ असते आणि ती पुढे गळ्यात पडते. सांगलीच्या न्यायालयात, आणि तुमचे विक्रेते ज्या जिल्ह्यांत आहेत तिथेही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेट दाखल करा. म्हणजे तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम निघणार नाही. कॅव्हेट 90 दिवस चालतं, नंतर पुन्हा दाखल करावं लागतं.

विक्रेत्यांना गेलेली पत्रं मला जास्त खटकतात. पेटंट आहे एवढी माहिती देण्यात काही गैर नाही. पण उल्लंघनाच्या कारवाईची निराधार धमकी तुम्हाला किंवा तुमच्याकडून माल घेणाऱ्याला दिली, तर पेटंट कायद्याच्या कलम 106 खाली तुम्हीच दावा लावू शकता. धमकी निराधार असल्याचं घोषित करून घेणं, ती थांबवणं आणि बुडालेल्या विक्रीची भरपाई, असं तिन्ही मागता येतं. विक्रेत्यांकडून ती पत्रं पाकिटासकट घ्या आणि त्यांनी कधीपासून किती माल थांबवला ते लेखी घ्या. या कलमाचा उल्लेख तुमच्या उत्तरात जरूर यावा.

भरपाईच्या 10 लाखांनी घाबरू नका. पेटंट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं वाजवी कारणही नव्हतं असं सिद्ध केलं, तर त्या काळाची भरपाई कलम 111 प्रमाणे मिळत नाही. नोटीस मिळाल्यापासून मात्र हा बचाव संपतो, म्हणून आजपासून विकलेल्या प्रत्येक बंबाचा हिशोब वेगळा ठेवा.

तुमच्या कॅटलॉगवर ‘निम्म्या लाकडात पाणी’ असं छापलंय. मोजून पाहिलं नसेल तर ते काढा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि समोरचा वकील ते पान न्यायालयात दाखवेलच. मोजणं अवघड नाही. 100 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 16.7 मेगाज्यूल उष्णता लागते. हवेत वाळलेल्या किलोभर लाकडात ढोबळमानाने 15 असते. तेवढ्या पाण्याला चार किलो लाकूड लागलं तर सुमारे 28 टक्के उष्णता पाण्यात गेली, अडीच किलो लागलं तर सुमारे 45 टक्के. तोच बंब, तेच लाकूड, एकदा पट्टी काढून आणि एकदा घालून तागडीवर तोला आणि आकडे वहीत तारखेसह लिहा. पट्टीने धुराची ओढ कमी होते हेही त्याच वेळी पाहा. बंद न्हाणीघरात धूर उलटला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, आणि तशा अपघाताची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. बंब उघड्यावर किंवा धुराडं बाहेर काढूनच बसवावा, ही सूचना मालावर ठळक मराठीत हवी.

तुमच्या स्वतःच्या पेटंटचं म्हणाल तर या पट्टीला ते मिळणार नाही. जी उघड विक्री कंपनीविरुद्ध तुमच्या कामी येते, तीच तुमच्याही अर्जाच्या आड येते. पण धुराड्यावर गुंडाळी बसवून आत येणारं गार पाणी आधी कोमट करून घ्यायचं जे काम तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, ते अजून कोणाला विकलेलं नसेल तर कोणाला दाखवूही नका. त्यात नवं काय निघतं ते आधी एजंटकडून शोधून घ्या. नवं काही असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा प्राथमिक, अर्ज टाका. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शासकीय शुल्क 1,600 रुपये आहे आणि संपूर्ण विनिर्देश, म्हणजे क्लेमसकट सविस्तर वर्णन, द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकू नका, विक्रेत्यांच्या ग्रुपवर तर नाहीच.