ठोके ४६, वडील ५२

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, साताऱ्यात शाळेत गणित शिकवतो. सहा वर्षं धावतोय. आठवड्याला पन्नासेक किलोमीटर होतात, रविवारी यवतेश्वरचा घाट असतो. विम्याच्या तपासणीत ईसीजीवर ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ असं छापून आलं, ठोके ४६. विम्याचं काम तिथेच अडकलं. माझे वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे आई म्हणते, बूट माळ्यावर टाक. आमच्या ग्रुपमधला मित्र म्हणतो, थुंकी पाठवून जनुकांची चाचणी कर, हृदय धावण्याजोगं आहे की नाही ते कळेल. करू का?

उत्तर : सर, तुम्ही गणिताचे, म्हणून आधी भागाकार. बसल्या जागी शरीराला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं. न धावणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला एकाहत्तर-बाहत्तर ठोके. तुमचं तेच काम ४६ ठोक्यांत उरकत असेल तर एका ठोक्याला साधारण १०९ मिलिलिटर होतात. सहा वर्षं घाट चढून अंगातलं रक्त वाढलं, डावा खालचा कप्पा ऐसपैस झाला आणि दर खेपेला जास्त भरू लागला. ठोक्यांची लय धरणारी पेशींची गाठही सरावाने संथ होते. ६०च्या खाली आकडा गेला की मशीन ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, म्हणजे संथ ठोके, असं छापतं, मग समोर पेशंट असो की धावपटू. चक्कर, घेरी, नेहमीच्या चढावर नव्याने लागणारी धाप, यातलं काही नसेल तर या ४६ची मला काळजी वाटत नाही.

ही गोष्ट जुनी आहे. १८९९ साली स्वीडनमध्ये, उप्सालाच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी स्कीच्या शर्यतीतल्या गड्यांच्या छातीवर बोटांनी टकटक करून हृदयाच्या कडा शोधल्या. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. यांची हृदयं मोठी आहेत, पण आजाराने नव्हे, जास्त काम करण्यासाठी, असं त्यांनी लिहून ठेवलं. नुसत्या बोटांनी! आम्ही आता टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय तोंड उघडत नाही.

पण सगळ्यांचं हृदय सरावाने सारखंच तयार होतं का? नाही, आणि जनुकांचा विषय निघतो तो इथे. संशोधक क्लॉड बुशार्ड यांच्या ‘हेरिटेज’ अभ्यासात, एरवी व्यायाम न करणाऱ्या घरांतल्या आईवडिलांना आणि मुलांना वीस आठवडे सायकलवर बसवलं. प्रत्येकाला त्याच्या ताकदीच्या मानाने सारखाच व्यायाम. प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली. पण कुणाची लिटरभर वाढली, तर कुणाची जवळजवळ काहीच नाही. एका घरातली माणसं बरीचशी एकसारखी सुधारली, आणि या फरकातला जवळपास निम्मा वाटा वारशाचा निघाला. मी स्वतः पन्नाशीत धावायला लागलो. माझ्याच दिवशी सुरुवात केलेला भूलतज्ज्ञ मित्र सहा महिन्यांत पुढच्या वळणाआड गेला, तो आजही तिथेच आहे. माझ्या घराण्याचा नंबर कुठे लागतो ते मला कळून चुकलंय.

हा वारसा एका जनुकात बसत नाही, अनेक जनुकांत चिमूट-चिमूट विखुरलेला असतो. एकाच जनुकाने पारडं फिरवल्याचं ठळक उदाहरण म्हणजे फिनलंडचा स्कीपटू एरो मँतिरांता. त्याला ऑलिंपिकची सात पदकं मिळाली, त्यांत तीन सुवर्ण. हिमोग्लोबिन २०च्याही वर असल्याने हा रक्तात काहीतरी भरतो, असा लोकांना संशय होता. खुलासा झाला १९९३ साली. ‘तांबड्या पेशी बनवा’ हा निरोप घेणाऱ्या रेणूचं ब्रेक लावणारं टोकच त्याच्यात जन्मतः तुटलेलं होतं. तोच बदल त्याच्या घराण्यात आणखी कितीतरी जणांत सापडला, पण पदकं मोजक्यांच्याच हाती लागली.

तेव्हा थुंकीचे पैसे वाचवा. खरी जनुकीय चाचणी तुम्ही पत्रातच लिहून पाठवली आहे : वडील, ५२. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर आम्ही तो वारसा धरूनच चालतो. अमेरिकेचा जिम फिक्स याने धावण्याचं वेड घराघरांत नेलं. त्याचं १९७७चं पुस्तक लाखोंनी खपलं. पस्तिशीपर्यंत तो लठ्ठ होता, सिगारेटी ओढायचा, मग धावू लागला आणि सुटसुटीत झाला. त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी अटॅक आला होता, त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. १९८४च्या जुलैत व्हरमाँटमध्ये रस्त्यावर धावतानाच फिक्स कोसळला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या सापडल्या. वय ५२.

हे घाबरवायला लिहीत नाही. हृदयाचा स्नायू तयार होणं वेगळं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या स्वच्छ असणं वेगळं. ४६ ठोके पहिल्याबद्दल सांगतात, दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करा. लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) ही तपासणी जन्मात एकदाच पुरते, कारण तो आकडा बहुतांशी वारशानेच ठरतो. साखर आणि बीपी पाहा. स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि टूडी इको करून घ्या. इकोमध्ये कप्प्याबरोबर स्नायूची जाडीही दिसेल. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पोहता येत असून बुडालं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, तोही हृदयाचा वारसा असू शकतो. रिपोर्ट नीट आले की त्यांच्या प्रती विम्याला द्या आणि एक आईंना वाचून दाखवा. तोवर घाट चालत चढा. आणि धावताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात दाटून आलं, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत पुढचा किलोमीटर काढू नका.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. अकॅडमीचे सर म्हणतात, जनुकीय चाचणी करू आणि स्प्रिंट की लांब पल्ला ते आताच ठरवू. – एक आई, सोलापूर

उत्तर : नको. ते बहुधा एसीटीएन-३ या जनुकाबद्दल बोलत असतील. त्याच्या दोन्ही प्रती बंद असल्या की झटक्याच्या स्नायूंतलं एक प्रथिन बनत नाही. ऑलिंपिकच्या स्प्रिंटरांत अशी माणसं क्वचितच आढळतात, हे खरं. पण जगात साधारण पाचातल्या एकाच्या दोन्ही प्रती बंद असतात, आणि उरलेले चौघे काही स्प्रिंटर होत नाहीत. स्टीपलचेसचा (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचा) धावपटू अविनाश साबळे बीडच्या मांडव्याचा, लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट करणारा. सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यावर तो स्पर्धेत धावायला लागला आणि स्टीपलचेस त्याच्याही नंतर हाती आली. मुलीला दोन-तीन वर्षं सगळंच पळू द्या, उड्या मारू द्या. सरांना म्हणावं, स्टॉपवॉच आहे ना तुमच्याकडे?