पवनचक्की दळत नाही, मग ती चक्की कशी?

प्रश्न असा आलाय की साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात त्या वीज तयार करतात, दळण-बिळण काही नाही, मग त्यांना चक्की म्हणणं चूक नाही का आणि त्याऐवजी 'पवनजनित्र' किंवा सरळ 'विंड टर्बाईन' म्हणावं का.

माझ्या मते पवनचक्कीच म्हणावं, बिनधास्त.

चक्की हा शब्द चक्र, चक्क असा फिरत आलाय आणि जुन्या पवनचक्कीत खरंच जात्यासारखे दोन दगड असायचे. वाऱ्याने पाती फिरली की दांडा फिरायचा आणि दातेरी चाकांमधून ते फिरणं वरच्या दगडापर्यंत जायचं. संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर लगेच कळेल, तिथे वाऱ्याचं काम पाणी करायचं. आताच्या यंत्रात दगडाच्या जागी जनित्र म्हणजे जनरेटर आलंय एवढंच, पाती मिनिटाला साधारण पंधरा-वीस फेरे घेतात आणि बऱ्याच यंत्रांत गिअरबॉक्स तो वेग वाढवून जनित्र हजार-दीड हजार फेऱ्यांनी पळवतो.

आणि दळण तर वीज यायच्या कितीतरी आधीच सुटलं होतं. हॉलंडमध्ये समुद्रसपाटीखालच्या जमिनीतलं पाणी उपसायला, लाकूड चिरायला पवनचक्क्याच होत्या आणि डच लोक त्या सगळ्यांना 'मोलन' म्हणजे चक्कीच म्हणत आले. वाऱ्यावर वीज करायची सुरुवात 1887 च्या सुमारास, स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथने स्वतःच्या घरात दिवे लावले तेव्हाची.

लांब कशाला, आपली गिरणी घ्या ना. मुंबईत 1850 च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, गिरणगाव झालं, गिरणी कामगार झाले, 1982 चा गिरणी संप झाला, तिथे कुणी पीठ दळत होतं का? शब्द एका कामासाठी येतो आणि मग त्या जातीच्या सगळ्या यंत्रांना पुरतो, भाषा अशीच वाढते.

'पवनजनित्र' शब्द म्हणून छान आहे, पण जनित्र हा त्या यंत्राचा एक भाग झाला, मनोरा आणि पाती त्यात कुठे आली? शिवाय रोहित्राचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं काय झालं ते बघताच आपण, बातमीत रोहित्र जळतं आणि गावात डीपी जळते. तांत्रिक लेखात पवन टर्बाईन लिहायला काहीच हरकत नाही, तो शब्दही 1822 मध्ये क्लॉद बुर्दँ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने भोवऱ्याच्या लॅटिन शब्दावरून बनवला, त्यातही मुद्दा फिरण्याचाच.

मला खटकतो तो 'पंखा'. फिरायला गेलेले लोक सर्रास म्हणतात, तिकडे पंखे लागलेत. दिसायला तसंच दिसतं हे कबूल, पण काम बरोबर उलटं आहे, पंखा वीज खातो आणि वारा देतो, पवनचक्की वारा घेते आणि वीज देते, त्यामुळे तिच्या मागच्या बाजूला वारा थोडा मंदावतो. हे सांगायचं कारण म्हणजे सातारा-सांगलीकडे दुष्काळाच्या वर्षांत पवनचक्क्या ढग पळवून लावतात म्हणून पाऊस पडत नाही असं खूप लोक मनापासून मानायचे. शेतकऱ्याचं पीक जळत असताना समोर ही अवाढव्य पाती फिरताना दिसली तर असं वाटणं मी समजू शकतो. पण मान्सूनचे ढग येतात ते शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाऱ्यांच्या जोरावर, शे-दीडशे मीटर उंचीवर फिरणाऱ्या पात्यांच्या आवाक्यातलं ते काम नाही. आणि यंत्राला आपण पंखाच म्हणत राहिलो तर ते वारा सोडतं हा समज आणखी पक्का होतो असं मला वाटतं.

लिहिताना एक सांभाळा, अनेकवचन 'पवनचक्क्या', 'पवनचक्या' नव्हे. चक्कीतला जोड क तसाच ठेवून पुढे य येतो, म्हणून पवनचक्क्यांचा, पवनचक्क्यांमुळे. एकवचनात मात्र काही बदलत नाही, पवनचक्कीचा, पवनचक्कीमुळे.