फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, पण चौकशी मेलपेटीत येत नाही

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लातूरला तुमची डाळ मिल आहे. दिवाळीनंतर तुम्ही कंपनीच्या मेलपेट्या जुन्या होस्टिंगवरून गूगल वर्कस्पेसवर नेल्या. वर्डप्रेसमधले संकेतस्थळ मात्र जुन्याच होस्टिंगवर राहिले. तेव्हापासून चौकशीचा फॉर्म भरला की ‘धन्यवाद, आपला संदेश पोहोचला’ असे दिसते, पण विक्री विभागाच्या पत्त्यावर काहीच येत नाही. त्याच फॉर्मची प्रत तुमच्या खासगी जीमेलवर, स्पॅममध्ये का होईना, येते. कोटेशने काही खरेदीदारांच्या स्पॅममध्ये पडतात, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पाठवलेले एक बिल ५५० ५.७.२६ या क्रमांकासह परत आले. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ‘सर्व्हर खराब आहे, महागडे होस्टिंग घ्या’ असा सल्ला दिला आहे.

माझे स्पष्ट मत असे की होस्टिंग बदलू नका. निदान हा प्रश्न सुटेपर्यंत तरी नाही. तुमच्याकडे एक नव्हे, तीन वेगवेगळे दोष आहेत, आणि नव्या होस्टिंगवर गेल्याने त्यांतले किमान दोन तसेच राहतील. डोमेनच्या डीएनएस नोंदी, म्हणजे त्या नावाचे संकेतस्थळ आणि मेल कुठे आहे हे जगाला सांगणाऱ्या नोंदी, सार्वजनिक असतात, म्हणून तुमच्या मी पाहून घेतल्या. एमएक्स नोंद, म्हणजे तुमच्या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी नोंद, गूगलकडे बरोबर वळवलेली आहे. पत्र खरेच तुमचे आहे का हे तपासायला लागणाऱ्या नोंदींत मात्र गडबड आहे (त्यांचा अर्थ पुढे सांगतो): एसपीएफच्या दोन नोंदी आहेत, गूगलच्या डीकेआयएम सहीची नोंद नाही आणि डीमार्कची नोंदही नाही. या माहितीवरून पुढचे लिहितो.

फॉर्मपासून सुरुवात करू, कारण तुरीच्या हंगामात खरे नुकसान तिथे होत आहे. ‘धन्यवाद’ या संदेशाचा अर्थ एवढाच असतो की संकेतस्थळाने पत्र त्याच सर्व्हरवरच्या मेल यंत्रणेच्या हवाली केले. पोते गाडीत चढवले म्हणून ते गिऱ्हाइकाच्या गोदामात उतरले असे तुम्ही धरत नाही, बिल्टी आणि पोचपावती पाहता. इथेही तसेच पाहायला हवे. तुमच्या बाबतीत पत्र जुन्या सर्व्हरच्या बाहेरच पडत नसावे. मेलपेट्या गूगलकडे गेल्या हे जगाला एमएक्स नोंदीवरून कळते, पण जुन्या सर्व्हरला ते कोणी सांगितलेले नसते. ‘या डोमेनची पत्रे माझ्याकडेच ठेवायची’ ही जुनी सूचना त्याच्या सेटिंगमध्ये शिल्लक असल्यामुळे तो एमएक्स नोंद पाहतच नाही आणि पत्र आपल्याच जुन्या मेलपेटीत टाकतो. खासगी जीमेलचा पत्ता त्याच्यासाठी परका असतो, म्हणून तिकडची प्रत बाहेर पडते. तुम्ही दिलेली ही एकच खूण निदानासाठी पुरेशी आहे.

सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंग बदलायच्या पॅनेलमध्ये, ‘ईमेल राउटिंग’ नावाचे पान असते. तिथे ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ निवडलेले दिसेल. ते बदलून ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा. पण त्याआधी एक काम अवश्य करा. जुन्या होस्टिंगच्या वेबमेलमध्ये विक्री विभागाच्या जुन्या पासवर्डने आत जा. दिवाळीपासूनच्या सगळ्या चौकशा तिथे न वाचलेल्या अवस्थेत पडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. जालन्याच्या एका शेती अवजारे बनवणाऱ्या कारखान्यात मी हेच पाहिले. पेरणीच्या तोंडावरच्या चौकशा त्या पेटीत तशाच पडून होत्या, आणि मालक मात्र यंदा मागणीच नाही असे समजून बसले होते. जुन्या पेट्या ‘आता लागत नाहीत’ म्हणून पुसून टाकू नका. आधी सर्व पत्रे उतरवून घ्या. पेटी पूर्वीच पुसलेली असेल, तर सीपॅनेलच्या ‘ट्रॅक डिलिव्हरी’ या पानावर निदान अलीकडच्या पत्रांचे काय झाले ते दिसते. तीच तुमची बिल्टी.

या दोषाची आणखी एक बाजू सहसा लक्षात येत नाही. त्याच सर्व्हरवर ज्यांच्या मेलपेट्या आहेत अशा इतर व्यापाऱ्यांनी तुम्हाला पाठवलेली पत्रेही याच जुन्या पेटीत अडकतात. आपल्याकडे लातूर, उदगीर, अहमदपूर पट्ट्यातल्या अनेक दुकानांची कामे एकाच माणसाकडे आणि एकाच होस्टिंगवर असतात. म्हणून ‘चेन्नईचे मेल येतात, पण शेजारच्या आडत्याचे येत नाहीत’ अशी तक्रार कानावर आली, तर ती विचित्र समजून सोडून देऊ नका.

राउटिंग दुरुस्त झाल्यावर फॉर्मच्या आतल्या मांडणीकडे वळा. बऱ्याच फॉर्ममध्ये ‘प्रेषक’ या जागी चौकशी करणाऱ्याचाच मेल पत्ता भरलेला असतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाते. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो, कारण तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवत आहे असे त्यातून दिसते. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या पत्त्यांसाठी ‘असे पत्र नाकारा’ हे धोरण लावले, तेव्हा जगभरातले असे फॉर्म एका रात्रीत अडखळले होते. प्रेषक म्हणून तुमच्याच डोमेनवरचा, प्रत्यक्षात अस्तित्वात असलेला पत्ता द्या आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या जागी ठेवा. प्रेषक दिलाच नाही, तर वर्डप्रेस स्वतःहून तुमच्या डोमेनपुढे ‘वर्डप्रेस’ हे नाव लावून एक पत्ता तयार करतो, आणि त्या नावाची मेलपेटी कोणाकडेच नसते.

फॉर्मसाठी तुम्ही काँटॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, वापरता असे लिहिले आहे. हे प्लगइन आलेली चौकशी स्वतःकडे साठवत नाही. मेल हरवला की चौकशीही हरवली. त्याच लेखकाचे फ्लेमिंगो हे प्लगइन आजच बसवा, म्हणजे प्रत्येक चौकशीची नोंद संकेतस्थळावरच राहील. मेलचे बाकी सगळे पुढच्या आठवड्यात केले तरी चालेल, पण हे आज रात्रीच करा. त्यानंतर फॉर्मची पत्रे सर्व्हरच्या साध्या यंत्रणेतून न पाठवता एसएमटीपी (मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) प्लगइनमधून, पोर्ट ५८७ वर, गूगलमार्फत पाठवा. त्यासाठी त्या खात्यावर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून ‘ॲप पासवर्ड’, म्हणजे फक्त त्या सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड, काढावा लागतो. नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही, आणि तो संकेतस्थळात लिहून ठेवणेही धोक्याचे आहे.

आता परत आलेले बिल आणि स्पॅममध्ये पडणारी कोटेशने. मेलची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मांडली, तेव्हा जाळ्यावरची माणसे मोजकी होती आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहिले तरी ते तपासण्याची सोय त्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही पुढे जोडलेली तपासणी आहे. कोणत्या सर्व्हरना तुमच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी आहे ते एसपीएफ सांगते. पत्रावर तुमच्या डोमेनची न बदलता येणारी सही डीकेआयएममुळे होते. या दोन्हींत बसत नसलेल्या पत्राचे काय करायचे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक सक्तीचे केले, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पत्रे पाठवणाऱ्यांसाठी तिन्ही. ५.७.२६ हा क्रमांक याच तपासणीतला आहे.

तुमच्या बिलाचे काय झाले ते यावरून उलगडते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून जुन्या होस्टिंगचा एसएमटीपी सर्व्हर भरलेला असावा. त्या पत्रावर सही नाही, आणि एसपीएफच्या दोन नोंदी असल्यामुळे ती तपासणी ‘कायमची त्रुटी’ म्हणून बाद होते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या तर त्यांतली बरोबर कोणती हे समोरचा सर्व्हर ठरवत बसत नाही, दोन्ही सोडून देतो. फॉर्मच्या पत्रांच्या पाकिटावर परतीचा पत्ता होस्टिंग सर्व्हरच्या स्वतःच्या नावाचा असतो, म्हणून त्याच सर्व्हरवरून निघूनही ती प्रत तुमच्या जीमेलपर्यंत पोहोचली. कोटेशने गूगलवरूनच जातात. त्यांवर गूगल स्वतःच्या एका सर्वसाधारण डोमेनची सही करतो, त्यामुळे ती नाकारली जात नाहीत, पण सही तुमच्या नावाची नसल्याने त्यांना वजन नसते.

दुरुस्ती अशी. गूगलचे आणि होस्टिंगचे ‘इन्क्लूड’, म्हणजे ‘यांच्या सर्व्हरनाही परवानगी आहे’ असे सांगणारा भाग, एकाच एसपीएफ नोंदीत घालून दुसरी नोंद काढून टाका. ती नोंद तपासताना समोरच्या सर्व्हरला डीएनएसमध्ये करावे लागणारे शोध १० च्या वर जाता कामा नयेत, म्हणून पूर्वी कधी वापरलेल्या सेवांची नावे उगाच ठेवू नका. मग वर्कस्पेसच्या ॲडमिन पानावर डीकेआयएमची किल्ली तयार करा, ती टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद म्हणून डीएनएसमध्ये घाला, आणि परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ हे बटण दाबा. हे शेवटचे बटण फार लोक विसरतात. नोंद असते, सही मात्र होतच नाही. काही डीएनएस पॅनेलना २०४८ बिटची लांब किल्ली एका ओळीत घेता येत नाही. तसे झाले तर १०२४ ची किल्ली वापरा. डीमार्कची सुरुवात ‘नन’ (काही अडवू नका, फक्त कळवा) या धोरणाने करून अहवालासाठी एक पत्ता द्या. काही आठवडे ते अहवाल पाहिल्यावर तुमच्या नावाने आणखी कुठून पत्रे निघतात ते कळेल, आणि त्यानंतरच ‘क्वारंटाइन’कडे (संशयित पत्र स्पॅममध्ये टाका) जा. सुरुवातीलाच ‘रिजेक्ट’ (पत्र नाकारा) लावण्याचा सल्ला देणारे भेटतील, पण तसे केले तर विसरलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून निघणारी तुमचीच बिले नाकारली जातील. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही गूगलचाच एसएमटीपी भरा.

नोंदी बदलताना आधी डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे या डीएनएस नोंदी ज्यांवर ठेवलेल्या असतात ते सर्व्हर, कोणाकडे आहेत ते पाहा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये केलेला बदल, नेमसर्व्हर दुसरीकडे असतील तर, कोणालाही दिसत नाही. डोमेन कोणाच्या खात्यात आणि कोणाच्या मेल पत्त्यावर आहे, हेही याच वेळी तपासा. आपल्याकडे ते बहुधा संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाच्या नावावर असते, तो नोकरीसाठी पुण्याला जातो आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या पेटीत जात राहतात. मिलची जागा ज्या काळजीने तुम्ही स्वतःच्या नावावर ठेवली आहे, त्याच काळजीने डोमेनही ठेवा.

तुम्ही रोजचे भाव सगळ्या व्यापाऱ्यांना एकाच मेलने, बीसीसीमध्ये पत्ते घालून पाठवता असे ओझरते लिहिले आहे. त्यात मजकूर नसून फक्त भावफलकाचा फोटो असेल, तर वरचे सगळे दुरुस्त करूनही ती पत्रे स्पॅममध्ये जाऊ शकतात. भाव मजकुरात लिहा, आणि ज्यांनी मागितले नाहीत त्यांना यादीतून वगळा. लोकांनी स्पॅम म्हणून नोंदवण्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावे अशी जीमेलची अपेक्षा असते, आणि तक्रारी वाढल्या तर त्यांचा फटका त्याच डोमेनवरून जाणाऱ्या तुमच्या कोटेशनांनाही बसतो.

पडताळणी स्वतःच्या पत्त्यावर पत्र पाठवून करू नका. एक जीमेल, एक आउटलुक आणि एक रेडिफमेल असे बाहेरचे पत्ते घ्या. जुन्या व्यापाऱ्यांकडे रेडिफ अजून आहे. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडले की तिन्ही तपासण्यांपुढे ‘पास’ आहे का ते वरच दिसते. काही परत आलेच, तर पहिला अंक पाहा. ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर पत्र गेले नाही. त्यापुढे ५.१.१ असेल तर पत्ता चुकला आहे, ५.२.२ असेल तर समोरची पेटी भरली आहे.

राउटिंग बदलल्यावरही फॉर्म बोलला नाही, तर ‘ट्रॅक डिलिव्हरी’मधली त्या पत्राची ओळ इथे टाका, गिऱ्हाइकाचे नाव, फोन आणि पत्ता मात्र त्यातून आधी खोडा.