कामाची परवानगी (ईएडी) दिसेपर्यंत कोर्सची फी भरू नका

ताई, तुम्ही विचारलंय: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात काम केलंय, नवरा ह्यूस्टनला आहे, लेकराला घेऊन एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाच्या आधारानं, निघालेय, तर तिथं नर्सिंग असिस्टंटचा कोणता कोर्स धरू? मी परभणीची, जीएनएमच, तुमच्याच वाटेनं टेक्सासात आलेली. प्रश्न वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

कोर्स कोणता हे नंतर बघू. आधी कधी करायचा ते ठरवा. एच-फोरवर शिकता येतं, कमावता येत नाही. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीनं त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाला की तुम्हाला ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, मागता येते. ही सोय २०१५ साली आली. आता दुसरा नियम याला जोडून पाहा. कोर्सनंतरची परीक्षा पास होऊन रजिस्ट्रीत, म्हणजे राज्याच्या नर्सिंग असिस्टंटांच्या यादीत, नाव लागलं आणि पुढं सलग २४ महिने या कामाची पगारी नोकरी झाली नाही, तर पुन्हा ट्रेनिंग, नाहीतर पुन्हा परीक्षा. म्हणजे घाईनं कोर्स केला आणि ईएडी लांबलं, तर पैसे आणि मेहनत दोन्ही पाण्यात. प्रवेश देणारे हे दोन नियम जोडून सांगत नाहीत.

मी आले तेव्हा ईएडीची सोयही नव्हती. रात्रपाळीत अख्खा वॉर्ड सांभाळलेली मी, आणि इथं डबा भरून दिला की दिवसभर हाताला काम नाही. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिताना पेन अडायचं. नवऱ्याचा काही दोष नसताना त्याच्यावर चिडायचे. त्या वर्षांबद्दल आम्ही दोघं अजून नीट बोललेलो नाही. तुमच्या दोघांचं बोलणं निघायच्या आधीच होऊ द्या.

आता कोर्स. देशभरासाठी कमीत कमी ७५ तासांचा नियम आहे, टेक्सासात १०० तास लागतात: ६० वर्गात, ४० प्रत्यक्ष रुग्णांसोबत. थिअरी घरबसल्या होते, ते ४० तास नाही. म्हणून चौकशी करताना फीच्या आधी हे विचारा की प्रॅक्टिकल कोणत्या नर्सिंग होममध्ये (इथं म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून सांभाळण्याची जागा) आहे आणि शिकवणारी बाई तिथं शेजारी उभी राहते का. नर्सिंग होमनं नोकरी दिली किंवा देऊ केली असेल तर त्यांना ट्रेनिंगचे पैसे घेता येत नाहीत. तुम्ही स्वतः भरले आणि १२ महिन्यांत अशा ठिकाणी लागलात, तर ते परत मिळण्याची तरतूद आहे. पण या सगळ्यालाही ईएडी हवंच.

काम तुम्हाला नवं नाही. अंघोळ, भरवणं, डायपर, नाडी मोजणं, पट्टा बांधून पलंगावरून व्हीलचेअरवर घेणं. आपल्याकडं यातलं बरंचसं नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी. म्हणून गावाकडं मी ‘हॉस्पिटलात आहे’ एवढंच सांगते, पुढं कुणी विचारलं तर विषय बदलते. मला या कामाची लाज वाटत नाही. तरी सांगवत नाही. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झालाय. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची हे मी वहिनीला व्हिडिओ कॉलवर दाखवते, आणि मग ड्यूटीवर जाऊन दुसऱ्याच्या वडिलांची कूस बदलते. त्याचा पगार घेते. वहिनीला कोण देतं?

एकटेपणाचं विचारलंत. असतो. ड्यूटी लागली की कमी होतो.

शाळेचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, लेकरू कोणती बोलतं, असा फॉर्म येतो. मी दोन्हीकडं मराठी लिहिलं. नियमाप्रमाणं इंग्रजीची चाचणी झाली आणि मुलीला वेगळ्या वर्गात बसवलं. मदत म्हणूनच बसवलं असेल. पण परभणीत पुस्तकं मोठ्यानं वाचणारी माझी पोर तिथं गप्प झाली, आणि घरी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. आज ती इंग्रजीत पहिली येते आणि आजोबांशी तिला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. खोटं लिहा असं मी सांगणार नाही. तुमच्या जागी मी काय लिहीन, तेही मला ठरवता येत नाही.

आणि असिस्टंटवर थांबू नका. तुमच्या जीएनएमचं मूल्यमापन करून घ्या आणि एनक्लेक्स, म्हणजे इथली नर्सच्या परवान्याची परीक्षा, द्या. त्यासाठी कॉलेज आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोघांनी कागद मूल्यमापन संस्थेला थेट पाठवायचे असतात, आपण हातानं दिलेले चालत नाहीत. विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास त्यात लिहिलेले लागतात. माझ्या कॉलेजच्या क्लार्कनं फोनवर ‘गुणपत्रिका तर दिलीय की तुम्हाला’ म्हणून विषय संपवला. सातासमुद्रापलीकडून त्याच्या टेबलासमोर जाऊन बसता येत नाही. तुम्हाला अजून येतं. तिकीट काढायच्या आधी ऑफिसात जा, जुनी रजिस्टरं कपाटातून काढायला लावा आणि तासांचा तक्ता तुमच्या डोळ्यांसमोर भरून घ्या.