ताठरता, लवचिकता आणि 'स्थितिस्थापक' नावाचा संस्कार

प्रश्न असा आहे: हृदयाच्या इको तपासणीच्या अहवालात 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के' असे लिहून आले. (डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे आकुंचनानंतर हृदय सैलावून रक्ताने भरण्यातला दोष. ईएफ म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा.) माहितीसाठी शोधाशोध केली, तर एका लेखात या विकारात 'हृदयाची स्थितिस्थापकता कमी होते' असे आढळले आणि दुसऱ्यात 'स्थितिस्थापकता वाढते' असे. खरे काय? आणि 'स्टिफनेस'ला मराठीत काय म्हणावे?

ताठरता म्हणावे. 'कडकपणा' नको, कारण तो पृष्ठभागाचा गुण वाटतो. कडक म्हणजे नखाने ओरखडा न उठणारे, आणि इथे प्रश्न ओरखड्याचा नाही, ताणले जाण्याचा आहे. 'धमनीकाठिण्य' रुळले आहे म्हणून 'हृदयकाठिण्य' म्हणू नये. कठीण हृदयाचा माणूस म्हणजे निर्दय माणूस, हे मराठीने केव्हाच ठरवून टाकले आहे. काही परिभाषाप्रेमी 'दृढता' सुचवतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. मराठीत दृढ ही स्तुती आहे. 'तुमचे हृदय दृढ झाले आहे' असे ऐकून रुग्ण आनंदाने घरी जाईल. ताठर शब्दात मात्र न वाकण्याचा दोष आपोआप येतो. ताठर स्वभाव, ताठर भूमिका: इथे कोणी कौतुक करत नाही.

आता 'स्थितिस्थापकता'. हा शब्द लोक 'लवचिकता'ला भारदस्त पर्याय म्हणून वापरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. लवचिक म्हणजे जे लवते, वाकते, बळापुढे नमते. स्थितिस्थापक म्हणजे जे मूळ स्थितीला परत येते. वाकणे वेगळे, परतणे वेगळे. मेण वाकते, परतत नाही. पोलाद जेमतेम वाकते, पण मर्यादेत राहून ताणले तर चोख परतते. म्हणून भौतिकशास्त्रात पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक रबराच्या कैक पट असतो. 'वाढते' लिहिणाऱ्या लेखकाच्या मनात हा गुणांक होता, 'कमी होते' लिहिणाऱ्याच्या मनात लवचिकता होती. दोघांना सांगायचे एकच होते आणि वाचकाच्या हाती दोन उलट वाक्ये पडली. गुणांक म्हणायचे असेल तर गुणांक लिहावे, लवचिकता म्हणायचे असेल तर लवचिकता. स्थितिस्थापक हा इतका नेमका शब्द आहे की त्याची अशी हेळसांड पाहवत नाही.

कारण हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या समितीत बसून घडवलेला नाही. तो न्याय आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांचा आहे. 'तर्कसंग्रह' या त्यांच्या प्रवेशग्रंथात अन्नंभट्ट संस्काराचे, म्हणजे द्रव्यात राहणाऱ्या एका गुणाचे, तीन प्रकार सांगतो: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे गती टिकवणारा. भावना म्हणजे अनुभवातून जन्मणारी आणि स्मृतीला कारण होणारी. आणि तिसरा, 'अन्यथाकृत' वस्तूला, म्हणजे वेगळ्या आकारात नेलेल्या वस्तूला, पुन्हा पहिल्या अवस्थेत आणणारा. उदाहरण चटईचे: गुंडाळलेली उलगडली की पुन्हा गुंडाळी होते. त्याच्या कितीतरी आधी वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाने याहून रसाळ यादी दिली आहे: धनुष्य, फांदी, शिंग, दात, हाड, सूत, वस्त्र. म्हणजे स्मृती आणि स्प्रिंग ही या शास्त्रकारांच्या लेखी भावंडे आहेत. एक आत्म्यात राहते, दुसरी पदार्थात, पण काम तेच: होऊन गेलेले परत आणणे. इंग्रजीतला 'इलॅस्टिक' ग्रीक भाषेतल्या हाकणे, ढकलणे या अर्थाच्या धातूवरून आला. त्यात जोर आहे, पण परत कुठे जायचे ते नाही. आपल्या शब्दात 'स्थिती' आहे. ज्याने हा शब्द आधुनिक भौतिकशास्त्रासाठी उचलला, त्याने न्यायशास्त्र मन लावून वाचलेले असणार, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप ऐकू येतो: अन्नंभट्टाने हा संस्कार फक्त पृथ्वी द्रव्यात मानला, मग मांसाच्या हृदयाला तो कसा लावायचा? आक्षेप घेणाऱ्यांनी तोच ग्रंथ पुढे-मागे चाळावा. आपल्यासारख्यांचे शरीर त्यात पार्थिवच मानले आहे. आणि प्रशस्तपादाच्या यादीत शिंग, दात, हाड आहेतच. माझ्या मते हृदयाचा स्नायू या यादीत सर्वांत शोभला असता. त्याच्या पेशींत टायटिन नावाचे प्रथिन आहे, माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे, आणि ते अक्षरशः स्प्रिंगचे काम करते. आकुंचनात ते विश्रांतीच्या लांबीपेक्षा आखूड दाबले जाते. आकुंचन सुटले की उसळून पूर्वस्थितीला येते आणि डावा कप्पा रक्त आत ओढून घेतो. भरणीच्या सुरुवातीचे हे ओढणे म्हणजे शुद्ध स्थितिस्थापक संस्कार आहे! टायटिनचे आखूड रूप जास्त ताठर, लांब रूप जास्त लवचिक. दोहोंचे प्रमाण बदलले की स्नायूची ताठरता बदलते. पेशींच्या बाहेर कोलॅजनचे तंतू वाढले, तर ती आणखी वाढते. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढते वय यांत हे घडते. अमायलॉइड नावाचे सदोष प्रथिन साठण्याच्या आजारात तर फारच.

ही ताठरता मोजण्याची मूळ रीत सोपी आहे: कप्प्यात रक्ताचे आकारमान थोडे वाढवले तर दाब किती वाढतो ते पाहायचे. आलेखाचा चढ म्हणजे ताठरता. हा आलेख सरळ रेषेत जात नाही. कप्पा भरत जातो तसा चढ तीव्र होतो, म्हणून 'ताठरता इतकी' असा एकच आकडा कधीच पुरा नसतो. थेट मोजायची तर हृदयात नळी घालावी लागते. इकोमध्ये झडपेतून येणाऱ्या रक्ताचा वेग आणि स्नायूच्या हालचालीचा वेग यांच्या गुणोत्तरावरून भरणीच्या दाबाचा अंदाज बांधतात. तो अंदाज आहे, ताठरतेचे माप नव्हे.

अहवालात कधी 'स्ट्रेन उणे २०' असे असते आणि घरचे लोक 'हृदयावर ताण आहे' म्हणून घाबरतात. ताण हा इथे चुकीचा शब्द आहे. परिभाषेत एकक क्षेत्रफळावरच्या बळाला प्रतिबल (स्ट्रेस) आणि मूळ आकाराच्या प्रमाणात झालेल्या बदलाला विकृती (स्ट्रेन) म्हणतात. उणे २० म्हणजे स्नायू आपल्या लांबीच्या २० टक्के आखूड होतो, आणि ते उत्तम लक्षण आहे. निरोगी हृदयात विकृती असावीच लागते.

तीच गत 'पंपिंग ६० टक्के'ची. ते ऐकून '४० टक्के हृदय गेले' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कप्प्यात १२० मिली रक्त भरले आणि ७२ मिली बाहेर पडले की ईएफ ६० टक्के होते. ते निरोगी आहे. कोणतेही हृदय १०० टक्के रिकामे होत नाही. मात्र ईएफ चांगले असूनही हृदय ताठर असू शकते, आणि त्याने धाप लागू शकते. हृदयविफलतेच्या (हार्ट फेल्युअरच्या) रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे ईएफ ५० टक्के किंवा त्याहून जास्त असते.

राहिला ग्रेड १. यात बहुधा स्नायूचे सैलावणे मंदावलेले असते. भरणीचा दाब वाढलेला नसतो. सैलावणे आणि ताठरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैलावण्यासाठी पेशीला कॅल्शियम परत कोठारात ओढावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. म्हणून इथे 'शिथिलता' लिहू नये, ती ढिलेपणा सुचवते. 'सैलावणे' हे क्रियापद ठेवावे, त्यात काम करणे आहे. तेव्हा या अहवालाचे मराठी 'हृदय ताठर झाले' असे करू नये. 'हृदय सैलावायला वेळ घेते' असे करावे, आणि त्याचे पुढे काय करायचे ते हृदयरोगतज्ज्ञाला विचारावे.