ताईला विचारा : वाहवा करणारे सगळेच आपले असतात का?

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. माझं सायन्सचं जर्नल वर्गात सगळ्यात आधी पूर्ण असतं म्हणून ग्रुपमधल्या तिघी कायम माझ्या मागेपुढे असतात, स्टेटसला माझे फोटो टाकतात, 'आपली टॉपर' म्हणतात. मागच्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत मी मधेच विसरले तर या म्हणाल्या भारीच झालं, परीक्षकच पार्शल होते. आणि पाचवीपासूनची एक मैत्रीण म्हणाली, तुझं पाठच नव्हतं, आदल्या रात्री रील्स बघत बसलेलीस. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. यातली खरी मैत्रीण कोण, कसं ओळखू? (सांगली जिल्हा, नाव नको)

उत्तर : अगं, कौतुक करणारी प्रत्येक जण चमची नसते हं. भाषण खरंच भारी झालं तर भारीच म्हणायचं की. आणि फटकळ बोलणारी प्रत्येक जण खरी असते असंही नाही, काहींना टाकून बोलायची सवयच असते आणि वर 'मी बाई स्पष्टवक्ती' म्हणून मिरवतात. म्हणून गोड बोलली की कडू यावर जाऊ नको, ती कशाबद्दल गप्प बसते ते बघ.

प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक होऊन गेला, त्याने जवळपास १९०० वर्षांपूर्वी याच विषयावर अख्खा निबंध लिहून ठेवलाय. त्यातलं एक मला फार पटतं, की हुशार खुशमस्कऱ्या नुसती स्तुती करत नाही, तो चुकाही काढतो, पण केस, कपडे असल्या किरकोळ गोष्टीत, आणि आईवडिलांकडे दुर्लक्ष होतंय अशा मोठ्या दोषाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. हे तुझ्या तिघींना लावून बघ. वेणी नीट घाल, हा टॉप नको घालू, हे सांगत असतील. पण रील्सपायी पाठांतर राहतंय हे एकीने तरी सांगितलं का? परीक्षकांवर ढकललं आणि मोकळ्या झाल्या. आणि ते ऐकायला तुलाही बरं वाटलंच ना? हरभऱ्याच्या झाडावर चढवायला चढणारी पण लागते गं.

आता जर्नल. प्रॅक्टिकलचे २० मार्क, म्हणजे परीक्षा जवळ आली की तुझ्या जर्नलला भाव येणारच. एकदा सरळ सांग, यावेळी जर्नल देत नाही, रविवारी घरी या, आकृत्या एकत्र काढू. कोणाची परीक्षा बघायची म्हणून नाही, एकत्र बसलात तर तोंडीची तयारी पण होईल. जी रुसेल ती जर्नलची मैत्रीण. पण जी आली नाही आणि सोमवारी नेहमीसारखी डबा घेऊन तुझ्याशेजारी बसली तिच्यावर लगेच फुली मारू नको, रविवारी घरी कामं असतात लोकांना.

राहिली पाचवीपासूनची. तिने ते तुला बाजूला घेऊन सांगितलं की सगळ्यांसमोर, हे तू लिहिलं नाहीस. एकटीला सांगितलं असेल तर उद्याच जा आणि बोल. वर्गासमोर बोलली असेल तरी जा, फक्त तेही सांग, की खरं बोललीस पण चारचौघात नको होतं.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. मधल्या सुट्टीत मित्रांना रोज वडापाव खाऊ घालतो, ते त्याला 'शेठ' म्हणतात. पैसे देणं बंद करू का? (एक आई, कल्याण)

उत्तर : एकदम बंद नका करू, पोरगं तोंडघशी पडेल आणि पैसे दुसरीकडून काढेल, कदाचित तुमच्याच पर्समधून. आठवड्याचे एकदाच द्या, सोमवारी उडवले तर शनिवारपर्यंत नाही, मग खिसा रिकामा असताना कोण सोबत असतं ते त्याचं त्यालाच कळतं. आणि मित्रांना नावं अजिबात ठेवू नका, या वयात आईने नावं ठेवलेला मित्र हमखास जास्त जवळचा होतो. संध्याकाळी खाली क्रिकेट चालतं तेव्हा जरा लक्ष ठेवा. जो शेठला 'आऊट आहेस तू, बॅट सोड' म्हणून भांडतो आणि दुसऱ्या दिवशी परत खेळायला हाक मारतो, त्या पोराला कधीतरी घरी जेवायला बोलवा.