केबल काढून सगळं इंटरनेटवर पाहिलं तर खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं, त्यातले एक वयस्कर, केबलचं बिल दर महिन्याला टोचतं आणि मित्र म्हणतो, 'काढून टाक, नेटवर सगळं मिळतं.' हा उद्योग मी करून बसलोय. पहिल्या वर्षी माझा एक पैसाही वाचला नाही, उलट थोडे जास्तच गेले. दुसऱ्या वर्षापासून वाचायला लागले. मधे काय बदललं ते सांगतो.

केबलचं बिल एकच असतं, त्यामुळे ते डोळ्यात खुपतं. ॲप्सचं तसं नाही. एक मुलीच्या कार्टूनसाठी, एक बायकोची मालिका तिथेच होती म्हणून, एक मॅचसाठी, एक फोनच्या प्लॅनबरोबर काही महिने फुकट मिळालं म्हणून. पाच वेगळ्या तारखांना पाच छोट्या रकमा गुपचूप कार्डातून जात होत्या. वर्षअखेरीस बँकेचं स्टेटमेंट घेऊन बेरजेला बसलो, तर आकडा केबलच्या वर. त्यातलं एक ॲप 'पहिला महिना मोफत' पाहून घेतलेलं होतं आणि पुढचे अकरा महिने घरात कोणी उघडलंही नव्हतं.

तुमचा मित्र म्हणतो ते एके काळी बरंचसं खरं होतं. नेटफ्लिक्सने २००७ साली इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली तेव्हा मोठे स्टुडिओ आपला माल खुशाल भाड्याने देत होते, त्यामुळे एका वर्गणीत पुष्कळ मिळायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपलंच दुकान टाकता येईल. ॲपल टीव्ही प्लस आणि डिस्ने प्लस ही दोन्ही एकाच महिन्यात, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एचबीओ मॅक्स आणि पीकॉक २०२० मध्ये. ज्याने त्याने आपापला माल परत नेला. २०२३ पासून नेटफ्लिक्सने एकाच्या पासवर्डवर दुसऱ्या घरात पाहण्यालाही लगाम घातला. म्हणजे आज सगळी ॲप्स घेतलीत, तर केबलचा जुना पॅकच पुन्हा बांधून घेताय, फक्त गाठ स्वतःच्या हाताने मारताय.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी एकच नियम केला: एका वेळी दोनच ॲप्स. एक मुलीचं, ते कायम. दुसरं फिरतं. नवी मालिका आली की लगेच वर्गणी भरायची नाही. दर आठवड्याला एक भाग येत असेल तर सगळे भाग येईपर्यंत थांबायचं, मग एका महिन्यात पाहून बंद. ज्या दिवशी वर्गणी सुरू करतो त्याच दिवशी ती रद्दही करून टाकतो. बहुतेक ठिकाणी रद्द केल्यावरही भरलेला महिना पूर्ण पाहता येतो. विसरण्याचा प्रश्नच राहत नाही. वार्षिक योजना स्वस्त दिसते खरी, पण ती फक्त बारा महिने रोज उघडल्या जाणाऱ्या ॲपसाठी. जाहिराती चालत असतील तर जाहिरातींची स्वस्त योजना घ्या. केबलवर इतकी वर्षं जाहिराती पाहिल्याच की आपण!

आता नेटच्या बिलाचं. घरात नेट आधीपासून असेल तर ते या हिशेबात धरू नका, केबल ठेवलीत तरी ते भरणारच होतात. पण टीव्हीसाठी म्हणून मोठा प्लॅन घ्यावा लागला, तर वरचा फरक धरा. इथे लोक दोनदा फसतात. एक, वेग. कंपनीचा माणूस सगळ्यात महागडा प्लॅन गळ्यात मारू पाहतो. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप) आणि फोर-केसाठी, म्हणजे त्याहून बारकाव्याच्या चित्रासाठी, १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. चार माणसांनी एकदम पाहिलं तरी आकडा फार मोठा होत नाही. चित्र अडकत असेल तर आधी राउटर कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय ते बघा. माझा कपाटामागे होता. टीव्हीला थेट लॅनची वायर जोडली आणि तक्रार संपली.

दुसरी गोष्ट डेटा. तुमच्या प्लॅनला महिन्याची मर्यादा असेल तर ही खरी अडचण आहे. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, फोर-केला ७ जीबीपर्यंत. रोज तीन तास एचडी धरलं तर महिन्याला २७० जीबी, तेही एका पडद्याचे. टीव्ही लावून घरभर फिरायची सवय असेल तर केबलवर ती फुकट होती, इथे नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी करता येतो. लहान पडद्यावर फरक जाणवतही नाही.

नवा स्मार्ट टीव्ही मुळीच घेऊ नका, निदान या कारणासाठी नाही. जुन्या टीव्हीला एचडीएमआयचं भोक असेल तर मागे एक स्टिक, म्हणजे नेटवरची ॲप्स टीव्हीवर चालवणारं बोटाएवढं यंत्र, लावली की झालं. टीव्ही दहा-बारा वर्षं टिकतो, त्यातली ॲप्स टिकतीलच असं नाही. २०१०-११ च्या काही सॅमसंग टीव्हींवर नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ पासून चालेनासं झालं. पडदा धडधाकट, आत काही चालत नाही. स्टिक जुनी झाली तर बदलायला सोपी.

वयस्कर माणसाचा मुद्दा तुम्ही कंसात लिहिलाय, माझ्या मते तोच मुख्य आहे. आमच्या बाबांना काय पाहायचं ते निवडायचं नसतं, त्यांना टीव्ही लावायचा असतो. रिमोटवर तीन आकडे दाबले की बातम्या, ही त्यांची चाळीस वर्षांची बोटं. ॲपने त्यांना रोज विचारलं, 'कोण पाहतंय?' बाबा म्हणाले, 'मीच पाहतोय, अजून कोण असणार?' महिनाभर मी त्यांना शिकवत होतो आणि ते मला टाळत होते. एके दिवशी पाहिलं तर ते बंद पडद्यासमोर पेपर वाचत बसले होते. मला फार वाईट वाटलं. शेवटी छपरावर साधा अँटेना लावला. आमच्याकडे मोफत डिजिटल वाहिन्या येतात, त्यात बातम्या आल्या, रिमोटवरचे आकडेही आले. तुमच्या भागात असं प्रक्षेपण पोचत नसेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांसाठी केबलचा सगळ्यात लहान पॅक खुशाल ठेवा आणि वरचे नको ते पॅक काढा. बचत थोडी कमी होईल, घरात शांतता राहील.

खेळांचं थोडक्यात: थेट सामना नेटवर मागे असतो. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि दोन-तीन तुकडे हाताशी आल्याशिवाय ॲप दाखवायला सुरुवात करत नाही. शेजारी केबल असेल तर ओरडा आधी ऐकू येतो, गोल नंतर दिसतो. मला चालतं. माझ्या भावाला चालत नाही, त्याने केबल ठेवलीय.

आणि केबल बंद करायला जाल तेव्हा सेट-टॉप बॉक्स, रिमोट, वायर सगळं परत द्या आणि सही-तारखेची पावती घ्या. मी पावती घेतली नव्हती. त्या बॉक्सचं भाडं पुढचे तीन महिने माझ्या नावावर चढत राहिलं.